टिब्ब्यांवरची श्रीमंती

पंजाबी गाण्यांबद्दल आपल्याकडे एक तक्रार सर्रास ऐकू येते, की त्यात नुसता पैशाचा माज असतो. गाडी, सोनं, बंदूक, कोठी, कॅनडा. ठेक्यावर पाय हलतात, पण अर्थ विचारू नये म्हणतात. तक्रार खोटी नाही. पण ज्याच्या नावाने ती सगळ्यात जास्त झाली, त्या सिद्धू मूसेवालाची गाणी मी बरीच वर्षं मन लावून ऐकतो आहे, आणि त्याने गाण्यात मांडलेली मालमत्ता जरा नीट बघितली की मला तिथे वेगळंच काही दिसतं. गाड्या आहेत, बंदुकाही आहेत. पण सगळ्याच्या मधोमध उभा आहे एक जुना ट्रॅक्टर, ज्याचा कारखानाही आता बंद पडलाय. त्याच्याभोवती थोडी जमीन आणि गावातलं घर. एका कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलाने जगाला ओरडून सांगितलेली ही श्रीमंती आहे, आणि मीही कापसाच्याच जिल्ह्यातला आहे, म्हणून हा लेख.

ही गाणी माझ्यापर्यंत मोबाइलवरून आली नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात, आमच्या दारव्ह्याकडे, सोयाबीन सोंगायच्या दिवसांत पंजाबातून हार्वेस्टर येतात. नाभा-भादसोंकडे बनलेली ती अवाढव्य यंत्रं आणि त्यांच्याबरोबर तीन-चार माणसांची टोळी. गव्हाच्या, हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या मागेमागे ही मंडळी मध्य प्रदेश, विदर्भ, मराठवाडा अशी महिनोन्महिने फिरत राहतात. एकरी भाव ठरतो, दिवसभर धुरळा उडतो, आणि रात्री यंत्राशेजारीच रोट्या भाजल्या जातात. अशी एक टोळी आमच्या खळ्यावर मुक्कामाला होती. तिच्यातला सगळ्यात लहान पोरगा मानसा जिल्ह्यातला. रात्री जेवणं झाली की तो मूसेवाला लावायचा आणि मी विचारलं की एकेका ओळीचा अर्थ हिंदीत सांगायचा. 'हमारे उधर का है,' हे तो प्रत्येक गाण्याआधी न चुकता सांगे. त्याच्या तोंडून ऐकलेल्या त्या अर्थांमुळे मला मानसा कळू लागला.

मानसा म्हणजे पंजाबच्या दक्षिणेला, हरियाणाला लागून असलेला जिल्हा. १९९२ मध्ये तो भटिंड्यापासून वेगळा झाला. सतलजच्या दक्षिणेचा हा माळवा प्रांत एकेकाळी वाळूच्या टेकड्यांचा होता. त्या टेकड्यांना तिकडे टिब्बे म्हणतात. पाऊस बेताचा, पीक हरभरा-बाजरीचं, आणि अमृतसर-जालंधरकडच्या लोकांच्या लेखी हा मागासलेला मुलूख. पुढे कालवे आले, ट्यूबवेल आल्या आणि ट्रॅक्टरांनी टिब्बे सपाट केले. दोन-तीन पिढ्यांत वाळूतून कापूस आणि गहू निघायला लागला, मागोमाग भातही आला. ज्या पिढीने हे केलं तिच्या हाताला वाळूचा चटका ठाऊक होता. २०२० मध्ये मूसेवालाने आपल्या एका गाण्याचं नावच 'टिब्बेयां दा पुत्त' ठेवलं. ज्या गोष्टीवरून हिणवलं जात होतं तीच त्याने छातीवर मिरवली. त्याच्या सगळ्या बढाईचं मूळ मला तिथे दिसतं. आधी वाळूचा अपमान आहे, श्रीमंती नंतरची.

आणि ही मिळालेली श्रीमंतीही फार टिकली नाही. २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने माळव्याचा कापूस खाऊन टाकला. फवारण्या करूनही माशी हटेना, शेतकऱ्यांनी उभी झाडं नांगरून टाकली आणि रेल्वे रुळांवर जाऊन बसले. २०२१ मध्ये भटिंडा-मानशात गुलाबी बोंडअळी उतरली. आमच्याकडे तीच बोंडअळी २०१७ मध्ये आली होती. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. पंजाबात एकेकाळी सात लाख हेक्टरांच्या वर असलेलं कापसाचं क्षेत्र २०२४ मध्ये एक लाखाच्या आसपास आलं. अडत्याचं देणं, बियाण्याची उधारी, पोरीच्या लग्नाचा खर्च, दवाखाना, हा हिशेब मानशात आणि दारव्ह्यात एकाच वहीतला वाटावा इतका सारखा आहे. पंजाबातल्या तीन विद्यापीठांनी घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत २००० ते २०१५ या काळातल्या १६ हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली. त्यातले सात हजारांवर लोक शेतमजूर होते. आत्महत्या म्हटलं की आपण विदर्भ म्हणतो आणि पंजाब म्हटलं की सुबत्ता. या दोन चित्रांत पंजाबची गाणी ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही.

शुभदीप सिंग सिद्धूचा जन्म ११ जून १९९३ चा, गाव मूसा. गावाच्या नावावरूनच त्याने गायकाचं नाव घेतलं. वडील बलकौर सिंग सैन्यात नोकरी केलेले. आई चरण कौर पुढे, २०१८ च्या अखेरीस, गावच्या सरपंच झाल्या. मुलगा लुधियान्याच्या गुरू नानक देव इंजिनिअरिंग कॉलेजातून २०१६ मध्ये बाहेर पडला आणि पंजाबातल्या हजारो मुलांसारखा कॅनडाला, ब्रॅम्पटनला गेला. त्याआधी तो फक्त शब्द लिहायचा. निंजा या गायकाने त्याचं 'लायसन्स' गायलं आणि ते चाललं. गायक म्हणून त्याची सुरुवात 'जी वॅगन' नावाच्या गाण्याने झाली, म्हणजे थेट मर्सिडीजच्या गाडीनेच. मग २०१७ मध्ये बिग बर्डच्या संगीतावरचं 'सो हाय' आलं आणि गावोगावच्या गाड्यांतून, लग्नांतून, व्यायामशाळांतून तोच आवाज घुमायला लागला. २०१८ चा अल्बम कॅनडाच्या बिलबोर्ड यादीत गेला. आवाज गोड नव्हता. जाड, थोडा नाकातला, सूर टोकाला नेऊन तिथेच धरून ठेवणारा, जुन्या पंजाबी कलीगायकांची आठवण करून देणारा, आणि खाली अमेरिकी हिपहॉपचा ठोका. टुपाक या अमेरिकी रॅपरला तो मानायचा आणि ते लपवायचा नाही.

ब्रॅम्पटनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण ही गाणी पहिल्यांदा तिथल्या तळघरांत वाजली. पंजाबातल्या गावांत बसच्या पाठीवर, भिंतींवर, विजेच्या खांबांवर आयलेट्सच्या क्लासच्या जाहिराती असतात. बारावी झाली की इंग्रजीची परीक्षा, मग एखादा किल्ला विकून किंवा गहाण टाकून फी. (पंजाबात एकराला किल्ला म्हणतात.) राहण्याच्या खर्चापोटी कॅनडा सरकारकडे दाखवायची रक्कम तेव्हा दहा हजार डॉलर होती. २०२४ च्या सुरुवातीला ती वीस हजारांवर गेली. तिथे पोचल्यावर एका तळघरात पाच-सहा पोरं, रात्रपाळीला गोदाम नाहीतर ट्रक, दिवसा कॉलेज. अशा पोराच्या कानात जेव्हा 'आमच्या किल्ल्यांची', 'आमच्या ट्रॅक्टरची' ओळ येते, तेव्हा तो माज करत नसतो. जी जमीन विकून तो आला, तिची किंमत कुणीतरी अजून चढ्या आवाजात सांगतंय, हे त्याला ऐकायचं असतं. ज्यांनी घर सोडून परमुलखात काही वर्षं काढली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या खोल्यांतही असंच काहीसं गायलं गेलं असेल.

यानंतर मूसेवालाने जे केलं, त्यामुळे तो मला इतर गायकांहून वेगळा वाटतो. नाव झालं, पैसा आला, आणि तो गावात परतला. चंदीगड-मोहालीत नव्हे, मूशातच त्याने मोठं घर बांधलं आणि आईवडिलांसोबत राहिला. जालंधर-होशियारपूरकडे, म्हणजे दोआब्यात, परदेशी गेलेल्यांनी बांधलेल्या कोठ्यांवर विमानाच्या, फुटबॉलच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या असतात आणि खाली घराला कुलूप असतं. मूशातल्या घरात माणसं होती. त्याच्या व्हिडिओंत शेत, म्हशी, गावातले म्हातारे, आई, सगळे येतात. त्याच्या बढाईला पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर तो सापडायचा.

आता त्या ट्रॅक्टरकडे येतो. एचएमटी ५९११. एचएमटीने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजौरला, चेकोस्लोव्हाकियातल्या झेटर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्याच घराण्यातला हा ५९११, साठाच्या आसपास अश्वशक्तीचा. त्या काळच्या मानाने दांडगा, धिप्पाड, आवाज दूरवर जाणारा. टिब्बे सपाट करणाऱ्या पिढीचं हे यंत्र. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे मूसेवालाचं नाव होऊ लागलं तेव्हा या ट्रॅक्टरचा कारखाना बंद झाला होता. आणि त्याने गाण्यांतून, व्हिडिओंतून, फोटोंतून नेमका हाच ट्रॅक्टर पुढे आणला. आपल्या संगीत कंपनीला '५९११ रेकॉर्ड्स' नाव दिलं. जी-वॅगनपासून निघालेला गायक उलटा चालत बापाच्या ट्रॅक्टरपाशी पोचला, असं मला वाटतं.

हे का मोठं आहे, हे पंजाबातला ट्रॅक्टर म्हणजे काय ते कळल्याशिवाय ध्यानात येत नाही. राज्यात चार लाखांहून अधिक ट्रॅक्टर आहेत, शेतीला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. दारात ट्रॅक्टर नसेल तर मुलाला स्थळ येत नाही, म्हणून कर्ज काढून घेतात. आणि मोगा, तलवंडी साबो, बर्नाला अशा गावांत जुन्या ट्रॅक्टरांचे बाजार भरतात. तिथे असंही चालतं की शेतकरी बँकेच्या कर्जाने नवा ट्रॅक्टर घेतो आणि तो काही दिवसांतच तोट्यात विकून टाकतो. कारण त्याला ट्रॅक्टर नको असतो, रोख पैसा हवा असतो. बहिणीचं लग्न, जुनं देणं, मुलाचा व्हिसा. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या घरी जातो आणि हप्ते याच्याकडे राहतात. कागदावरची श्रीमंती आणि घरातली नड एकाच वस्तूत. बडा घर पोकळ वासा म्हणून त्याला हसता येईल, पण मला हसू येत नाही. आमच्या गावात पीककर्जाच्या पैशातून लग्नाचा मांडव सजलेला मी पाहिला आहे, आणि तो सजवणाऱ्या बापाचा चेहराही.

अशा मुलखात जुना, फेडून झालेला, स्वतःच्या मालकीचा ५९११ म्हणजे काय? ज्यावर बँकेचा हक्क उरलेला नाही अशी वस्तू. मूसेवालाच्या गाण्यातली खरी मिजास इथे आहे. मी घरी ही गाणी लावली तेव्हा बाबांनी अर्थ ऐकून एवढंच विचारलं, 'त्याच्यावर कर्ज किती होतं?' कापूसवाला माणूस संपत्ती ऐकली की आधी हेच विचारतो. गाण्याने त्याचं उत्तर न बोलता दिलेलं असतं. काहीच नाही.

पंजाबला पैशाबद्दल गायची सवय काही आजची नाही, फक्त पूर्वी ती वेगळ्या अंगाने होती. सूफी संत बाबा फरीद सांगतात की रुखंसुखं खा, थंड पाणी पी, दुसऱ्याची तुपाने माखलेली रोटी बघून जीव जाळू नकोस. गुरू नानकांच्या एका पदात मोत्यांचे महाल, रत्नं जडवलेल्या भिंती, कस्तुरी-केशराचा लेप, सुलतानाची फौज आणि तख्त, अशी एकाहून एक वस्तू येते आणि प्रत्येक वेळी भीती एकच, हे बघून मी तुझं नाव विसरलो तर? श्रीमंतीची इतकी तपशीलवार यादी नकार देण्यासाठी केलेली आहे. जनमसाखीतली, म्हणजे नानकांच्या चरित्रकथांतली, ती गोष्टही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. श्रीमंत मलिक भागोच्या पंगतीतली पोळी आणि सुतार लालोची कोरडी भाकर नानकांनी दोन हातांत धरून पिळली, तर एकीतून रक्त आलं आणि दुसरीतून दूध. हा धागा आपल्या ओळखीचा आहे. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवणारे तुकोबा आपले, आणि नामदेवांची पदं तर पंजाबने गुरू ग्रंथसाहिबात जपून ठेवली. घुमानला, जिथे नामदेव राहिले, तिथे २०१५ मध्ये आपलं साहित्य संमेलनही भरलं.

पण पंजाबात या धाग्याच्या शेजारी दुसराही एक आहे, आणि तो इतिहासाने वळला आहे. तिकडे म्हण आहे: 'खाधा पीता लाहे दा, बाकी अहमद शाहे दा.' जे खाल्लं-प्यायलं ते आपलं, उरलेलं अहमदशहाचं. हा अहमदशहा म्हणजे आपला पानिपतातला अब्दाली. आपल्या आठवणीत तो १७६१ पुरताच उरला आणि त्या एका दिवसाने आपली भाषा बदलून टाकली. पंजाबच्या अंगावरून तो पुन्हापुन्हा गेला. पानिपतानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १७६२ मध्ये, माळव्यात मालेरकोटल्याजवळ त्याच्या फौजेने शिखांचा जो संहार केला त्याला ते आजही वड्डा घल्लूघारा म्हणतात. ज्या घराने पुरून ठेवलेलं धान्य पिढ्यानपिढ्या लुटून नेलेलं पाहिलं, ते घर साठवायला कसं शिकेल? ते खाईल, खिलवेल, अंगावर घालेल, मिरवेल. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' हे आपल्याकडे शहाणपण म्हणून रुजलं. वायव्येकडून येणाऱ्या प्रत्येक फौजेच्या वाटेवरच्या गावात तसं राहायची सोयच नव्हती. पंजाबी गाण्यातल्या उधळ्या श्रीमंतीला नावं ठेवण्याआधी मी ही म्हण आठवतो.

तरीही त्याच्या गाण्यात एक गोष्ट मला कधीच मान्य झाली नाही, ती म्हणजे बंदूक. जमिनीच्या आणि ट्रॅक्टरच्या बरोबरीने ती त्याच्या इभ्रतीच्या यादीत आहे. त्यावरून त्याच्यावर गुन्हे दाखल झाले. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पोलिसांच्या सोबतीने रायफल चालवतानाचा व्हिडिओ बाहेर आला आणि त्याने त्यावरही गाणं केलं. त्याआधी, २०१९ मध्ये, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचं कौतुक करणारी गाणी कार्यक्रमांत वाजू देऊ नयेत असा आदेश दिला होता. त्याने काही थांबलं नाही. आणि गाण्यातली श्रीमंती गुंडांच्याही कानावर जातच होती. पंजाबी गायकांकडे खंडणी मागितली जात होती, २०१८ मध्ये मोहालीत परमीश वर्मावर गोळीबारही झाला होता. डिसेंबर २०२१ मध्ये मूसेवाला काँग्रेसमध्ये गेला, मानशातून विधानसभेला उभा राहिला आणि ६३ हजारांच्या फरकाने पडला. २८ मे २०२२ ला राज्य सरकारने चारशेहून अधिक लोकांची पोलीस सुरक्षा कमी केली, त्यात तोही होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जवाहरके गावात, थार गाडीत, त्याला गोळ्या घातल्या. वय २८.

त्या तपासात पुणे जिल्ह्यातल्या दोन विशीतल्या तरुणांचीही नावं आली. पुणे ग्रामीण पोलिसांनी त्यांना पकडलं ते मंचरकडच्या दुसऱ्याच एका खुनाच्या प्रकरणात, पण त्यांची चौकशी पंजाब-दिल्लीच्या पोलिसांनीही केली. ती बातमी वाचून मी सुन्न झालो होतो. आंबेगाव-जुन्नरच्या बागायती पट्ट्यातली पोरं आणि राजस्थान-पंजाबातली टोळी. मधल्या सगळ्या अंतरात त्यांना जोडणारं काय होतं? कोर्टात काय सिद्ध होतं ते होवो. पण बंदुकीची जी मिजास त्या पोरांच्या मोबाइलमध्ये पोचली, तिला पंजाबी गाण्यांनी रस्ता करून दिला हे मी नाकारू शकत नाही. मूसेवालावर माझं कितीही प्रेम असलं तरी.

३१ मे ला त्याची अंत्ययात्रा त्याच्याच ५९११ वरून निघाली. गावाच्या स्मशानात न नेता घरच्या शेतातच अग्नी दिला. बलकौर सिंगांनी जमलेल्या अफाट गर्दीसमोर डोक्यावरची पगडी उतरवली. ते चित्र देशभर सगळ्यांनी पाहिलं. शीख बापाने पगडी उतरवणं म्हणजे काय, हे मला त्या हार्वेस्टरवाल्या पोराने फोनवर सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला पुढे बोलवेना.

त्यानंतरही त्याची गाणी येत राहिली. जूनमध्येच 'एसवायएल' आलं, सतलज-यमुना कालव्याच्या पाण्यावरचं, आणि भारतात यूट्यूबवरून काढून टाकण्यात आलं. माझ्या दृष्टीने संपत्तीबद्दलचं त्याचं सगळ्यात थेट गाणं हेच आहे, कारण माळव्यात पाण्याएवढी मोठी मालमत्ता दुसरी नाही. मार्च २०२४ मध्ये आईवडिलांना पुन्हा मुलगा झाला आणि त्याचंही नाव शुभदीप ठेवलं. मूशाला लोक येतच राहतात, घराच्या अंगणात, शेतातल्या समाधीपाशी. आणि पोरं भंगारात निघालेले ५९११ शोधून आणतात, इंजिन बांधून घेतात, रंग देतात. शेतीच्या कामाला त्यांचा फारसा उपयोग नाही. पण मालकीच्या वस्तूला जीव लावायची हौस मी समजू शकतो.

आता उरते ती गोष्ट, जी मला या गाण्यांत सापडत नाही. किल्ल्यांची भाषा ज्यांच्याकडे किल्ले आहेत त्यांची आहे. २०११ च्या जनगणनेत पंजाबची जवळपास ३२ टक्के लोकसंख्या दलित होती, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त, आणि शेतजमिनीतला त्यांचा वाटा चार टक्क्यांच्याही आत. माळव्यात जमीनदाराच्या शेतावर सालाने राबणाऱ्याला सीरी म्हणतात, आपल्याकडच्या सालगड्यासारखा. उचल घेतलेली, ती फिटत नाही, म्हणून पुढचं सालही तिथेच. जट्टाच्या, म्हणजे जमीनमालक शेतकरी जातीच्या, गाण्यात सीरी दिसतो तो ट्रॉली भरताना, कडेला. मूसेवालाच्या यादीतही तो कडेलाच आहे. त्या बाजूचा आवाज दुसरीकडून आला. जालंधरच्या गिन्नी माहीने किशोरवयातच बाबासाहेबांवर गाणी गायली, आणि जट्टांच्या बढाईच्याच चालीवर आपल्या जातीचं नाव ताठ मानेने घेतलं. वामनदादांची गाणी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला ती लगेच जवळची वाटतील.

खळ्यावरचा तो पोरगा सीरीच्याच घरातला, हे मला दुसऱ्या हंगामात कळलं. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे एक किल्लाही नाही, मग ही किल्ल्यांची गाणी एवढी कशी आवडतात? त्याला प्रश्नाचा राग आला नाही. तो म्हणाला, जमीन त्यांची होती, पण ५९११ बावीस वर्षं माझ्या बापाने चालवला. टिब्बे कोणी मोडले मग? मालक तर खाटेवर बसलेले असायचे.

मग त्याने मला पंचायतीच्या जमिनीचं सांगितलं. पंजाबात गावाच्या सामाईक शेतजमिनीचा तिसरा हिस्सा दलितांना भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यापासून आहे. प्रत्यक्षात कित्येक गावांत लिलावाला दलिताचं नाव पुढे करायचं आणि जमीन कसायची मालकानेच, असं चालत आलं. संगरूरकडे २०१४ पासून दलित कुटुंबांनी संघटना बांधून, मार खाऊन, ती जमीन खऱ्या अर्थाने हातात घेतली आणि कित्येक ठिकाणी ती सामाईक कसतात. याच्या गावातही काही घरांनी मिळून बोली लावली होती. वाट्याला आलेल्या तुकड्यात त्यांनी बरसीम पेरली. आधी जनावरांच्या चाऱ्यासाठी बायकांना मालकाच्या बांधावर गवत कापायला जावं लागे, तिथे काय काय ऐकून घ्यावं लागे ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता त्या स्वतःच्या तुकड्यात विळा घेऊन जातात. वर्षभराचा पट्टा, पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव, पुन्हा भांडण. तरी आई आता मान वर करून शेतात जाते, असं तो म्हणाला, आणि मोबाइलमध्ये मला त्या हिरव्या तुकड्याचा फोटो दाखवला. मागे मूसेवालाच वाजत होता. त्या बरसीमवर, त्या पट्ट्यावर, मालकाच्या बांधावरून सुटलेल्या त्या बायकांवर कुणी तितक्याच मोठ्या आवाजात गाणं केलं, तर ते मला त्याच्याच फोनवर, अर्थासकट, ऐकायचं आहे.